पुडिंगसाठी आलेलं मागणं

एनिड क्रॅब्ट्री माझी शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिने पोरांना उकडलेले वाटाणे खायला लावले आणि तेवढीच वर्षं घरी कॅव्हेलियर जातीचे कुत्रे वाढवले. लांब कानांची, टपोऱ्या डोळ्यांची ही चिमुकली जात बघून कुणीही विरघळतं. पण हिच्या रक्तातच हृदयाचं दुखणं आहे. वरून काही दिसत नाही आणि पाच-सहा वर्षांचा कुत्रा एकदम धापा टाकायला लागतो. एनिडची रोझी अशीच तिच्या मांडीवर गेली. तोवर रोझीची सात पिल्लं लोकांच्या घरी पोचली होती. पुढे त्यातल्या पाच घरांतून रडत फोन आले. तेव्हापासून एनिडने ठरवलं, पाच वर्षं पूर्ण होऊन हृदय साफ निघाल्याशिवाय आपल्या कुठल्याही कुत्र्याची पिल्लं होऊ द्यायची नाहीत.

सगळं गाव तिला हसायचं. मीही हसायचो. तिचा ऑर्लँडो राजबिंडा, मोठ्या प्रदर्शनात पहिला आलेला. लांबून माणसं त्याची पिल्लं मागायला येत आणि ही सगळ्यांना परत पाठवी.

"अगं, संन्यास दिलायस का त्याला?" मी कुंपणावरून विचारायचो.

"तू आधी तुझ्या पुडिंगचं पोट बघ, सिरिल."

पुडिंग माझा कुत्रा, ऑर्लँडोचा काका. खालचा जबडा पुढे आलेला, नाकावर एकाच बाजूला पांढरा डाग. प्रदर्शनात त्याला कोण विचारणार, म्हणून एनिडने तो मला पाळायला दिला आणि याची पिल्लं होऊ द्यायची नाहीत, अशी अट कागदावर घातली. त्याचं ऑपरेशन करून घे, असं नऊ वर्षांत तिने वीसदा तरी सांगितलं असेल. मी पडलो आळशी. राहून गेलं.

ऑर्लँडोला पाच पूर्ण झाली, त्या वसंतात चर्चच्या हॉलमध्ये कुत्र्यांची हृदयं तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. एनिडची मैत्रीण म्युरिएल हिच्या टिली या कुत्रीसाठी ऑर्लँडो ठरला होता. टिली आणि तिचे आईबाप तपासणीत साफ निघालेले. ऑर्लँडो पास झाला की जोडी जमणार आणि एक पिल्लू एनिडला मिळणार. नापास झाला तर एनिडचा वंश तिथेच खुंटणार, कारण तिच्याकडे दुसरा कुत्रा उरला नव्हता. मी सोबतीला गेलो. पुडिंग घरी एकटा रडतो, म्हणून त्यालाही नेलं.

हॉलमध्ये तीसेक कुत्री आणि कोपऱ्यात खदखदणारं चहाचं पिंप. बाईंनी नळ्या कानाला लावल्या आणि म्हणाल्या, "आधी ते पिंप बंद करा. मला काही ऐकू येत नाहीये."

चहा बंद म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. ऑर्लँडो टेबलावर ऐटीत उभा होता. बाईंनी बराच वेळ ऐकलं.

"ठोक्यांमध्ये नको तो आवाज आहे, एनिड. अगदी बारीक."

"बारीकच ना?" म्युरिएल तिच्या कानाशी लागली. "माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. त्यांना असलं काही ऐकू येत नाही."

"ऐकू नाही आलं म्हणून दुखणं जातं का?" एनिड म्हणाली. "लिहा, डॉक्टर. स्पष्ट लिहा."

आणि तिने कागदावर सही केली. मला माझीच लाज वाटली. तिने माझं ऐकलं असतं, तर एव्हाना वीस घरांत हे दुखणं गेलं असतं. मी पुडिंगला उचलून टेबलावर ठेवलं.

"याचंही बघा. हा नुसता खातो."

बाईंनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. "वय?"

"नऊ."

तिसऱ्यांदा ऐकलं. "साफ आहे. या वयात असं हृदय क्वचितच भेटतं."

म्युरिएलने पुडिंगच्या जबड्याकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली. एनिड मात्र माझ्याकडे बघत होती.

"ऑपरेशन?"

"राहिलं."

"आयुष्यात पहिल्यांदा तुझा आळस कामी आला, मेल्या!"

या जातीत मानेची आणि डोळ्यांची दुखणीही असतात, म्हणून मग पुडिंगच्या मानेचं स्कॅन झालं, डोळे तपासले, सगळं ठीक निघालं. त्या रविवारी एनिड चांगली टोपी घालून, आल्याचा केक घेऊन पुढच्या दाराने आली. एरवी ती मागच्या दाराने येते.

"तुझ्या मुलाला मागणं घालायला आलेय."

मीही वरबापाचा आव आणला. "मुलगा जरा जाड आहे."

"मुलीला चालेल. मुलीच्या आईला मी समजावलंय."

आणि तिने स्वतःची अट स्वतःच्या हाताने मागे घेतली. ऑर्लँडो आता खुशाल चिखलात लोळतो, त्याला कुणी ओरडत नाही.

चार पिल्लं झाली, तिघांचे जबडे पुढे. म्युरिएलने कपाळाला हात लावला. एनिडने सगळ्यात वाकड्या जबड्याची मादी निवडली आणि मांडीवर घेऊन बसली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

"हिचं हृदय कसं निघेल गं?" मी विचारलं.

"आत्ताच कसं कळणार? पाच वर्षं थांबायचं."

एनिडला तेव्हा एकाहत्तरावं सरलं होतं. मी मनात बेरीज करायला लागलो. तिची केव्हाच झाली होती.

"म्हणजे शहात्तरपर्यंत जगणं आलं मला," ती म्हणाली आणि पिल्लाचं खाणं कालवायला उठली.