न ऐकलेला भीमपलास

आमच्या घरात लिंबू लागतं ते सरबताला आणि मिरची लागते ती भाजीला. दाराला काही टांगलं जात नाही. मी अक्षरं शिकले तीसुद्धा बाबांच्या पत्रकांवर – भगत, बुवा, अंगात येणं, करणी, सगळ्यांच्या विरोधातल्या. पत्रकांना घड्या घालायचं काम माझं होतं. घड्या घालता घालता वाचायला लागले, पुढे स्वतः लिहायलाही लागले. या सदरात छापून येणारे अमानवीय अनुभव वाचून मी संपादकांवर दोनदा चिडलेली आहे. आणि आज मीच लिहायला बसले आहे...

एक आधीच सांगते. हे वाचून कोणी भगताकडे जाणार असेल तर त्याने इथेच थांबावं. मी आजवर लिहिलेलं एकही वाक्य मागे घेत नाही. पण माझ्या बाबतीत एक गोष्ट घडली आणि तिचं उत्तर मला सापडलेलं नाही. उत्तर नाही हे लपवून ठेवलं तर माझ्यात आणि त्या बुवांच्यात फरक काय राहिला?

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. तेव्हा आम्ही पांढुर्ण्याला राहायचो. शाळेतून घरी येताना रेल्वे क्वार्टर्सच्या बाजूने मी मुद्दाम लांबून यायची, कारण तिथल्या एका खिडकीतून सतार ऐकू यायची. वाजवणारे मालधक्क्यावर क्लार्क होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. एक दिवस मी दार वाजवलं आणि शिकायचंय म्हणाले. नंतर कटकट नको म्हणून आडनावही लगेच सांगून टाकलं. आमचं आडनाव ऐकल्यावर लोकांचे चेहरे कसे बदलतात ते मला माहीत होतं.

मास्तर म्हणाले, "आडनाव वाजवणार आहेस का? बोटं दाखव."

तिथून सुरुवात झाली. सतार त्यांचीच. माझ्याकडे स्वतःची असण्याचा प्रश्नच नव्हता. बाबांचा विरोध नव्हता, पण उत्साहही नव्हता. आमच्याकडे गाणं म्हणजे जलसा – ढोलकी, पेटी, चौकातली गर्दी. खोलीत एकटीनं बसून तार छेडणं हे बाबांना रिकाम्या लोकांचं काम वाटायचं. मलाही कधीकधी तसंच वाटायचं. तरी संध्याकाळ झाली की बोटं शिवशिवायची. ही ओढ कुठून आली याचंही मला उत्तर देता येत नाही, पण ते अमानवीय नाही, त्यामुळे सोडून देते.

मग बाबांची बदली सौंसरला झाली.

आता मास्तर आठवड्यातून एकदाच, रविवारी बसने जाऊन. बाकीचे दिवस सतार नाही. मी रडकुंडीला आले तेव्हा मास्तरांनी उपाय सांगितला. कागदाच्या लांब पट्टीवर त्यांनी सतारीच्या पडद्यांच्या खुणा करून दिल्या. "संत्र्याच्या पेटीची फळी घे. तिच्यावर या रेघा ओढ. मांडीवर धर आणि बोटं फिरव. बोटांना रस्ता पाठ झाला पाहिजे."

सौंसरला संत्र्याच्या पेट्यांना काय तोटा! एक लांब फळी मिळाली, काचेनं घासली, शाईनं रेघा ओढल्या. तार नाही, भोपळा नाही. उजव्या हाताला नखीसुद्धा घालत नव्हते, कारण लाकडावर टकटक व्हायची. फक्त डावी बोटं रेघांवर सरकायची आणि उजवं बोट हवेत हलायचं. मास्तरांनी तेव्हा भीमपलास सुरू केला होता. दुपारचा राग, म्हणून मी दुपारीच बसायची, मधल्या खोलीत. घरात चिटपाखरू नसायचं, आई बहुतेक शेतमजूर बायांच्या बैठकीला गेलेली असायची. मी मनातल्या मनात सूर आठवायचा प्रयत्न करायची. खरं सांगायचं तर आठवायचे नाहीत. बुधवारपर्यंत रविवारचा आवाज पुसून जायचा, मग उरायचं ते नुसतं लाकूड.

आमच्या भिंतीला भिंत लागून वच्छलाकाकू राहायच्या. त्यांचे यजमान नागपूरच्या बसवर ड्रायव्हर. एक दिवस नळावर त्यांनी मला अडवलं.

"काय व, सितार कधी घेतली?"

"कोणती सतार, काकू?"

"मले येडी समजतं का? रोज दुपारी वाजवून राहिली अन् कोणती सितार म्हणते. लपवून ठेव बाप्पा, मी काही मागून नाही राहिली."

मी हसले. म्हटलं, कुठला तरी रेडिओ असेल.

"रेडिओ बंद करता येते. तू कुठं बंद होतं? तुह्या काकाची झोप उडाली पहिल्या दिवशी. आता म्हणते, पोरगी बसली नाही तर डोळाच लागत नाही."

मी त्यांना घरात नेलं आणि फळी दाखवली. त्यांनी उलटीपालटी करून पाहिली, मागे काही चिकटवलंय का तेही पाहिलं. मग म्हणाल्या, "हे तर पेटीचं लाकूड हाय."

"तेच तर सांगते आहे."

"मंग हे काय हाय?" असं म्हणून त्या गुणगुणल्या.

काकूंचा गळा काही गाणाऱ्याचा नव्हता. शेंगा फोडताना गुणगुणावं तसं त्या गुणगुणल्या. पण मी तिथंच खाली बसले. आदल्या दुपारी मी बोटांनी घेतलेली ओळ होती ती. शिवाय तिच्यात एक वळण होतं. सतारीवर गंधारावर तार ओढून मध्यम घ्यायचा आणि हळूहळू सोडत परत गंधारावर उतरायचं, त्याला मींड म्हणतात. मास्तर वाजवायचे तेव्हा त्या जागेवर माझा श्वास अडकायचा. मला ती अजून शिकवलेली नव्हती. आणि फळीवर ओढायला तार होतीच कुठे? मी नुसतं तिथं बोट थांबवून ती जागा मनात धरायची.

काकूंच्या गुणगुणण्यात ती मींड होती.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. घाबरले नाही, तपासायला बसले. आजूबाजूच्या घरांत दुपारी रेडिओ लागतो का ते पाहिलं, लागत नव्हता. न सांगता वेळ बदलली, तर काकूंना ऐकू येण्याची वेळही बदलली. एकदा मुद्दाम अर्ध्या ओळीवर उठले, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "आज मधातच काऊन थांबली?" एकदा नुसती फळी मांडीवर घेऊन बसले, बोट हलवलं नाही. त्या दिवशी काकू विचारायला आल्या, बरं नाही का म्हणून. गल्लीतल्या आणखी दोघींनाही ऐकू यायचं. त्यांना यात नवल वाटत नव्हतं. त्यांच्या मते शाळामास्तरच्या पोरीनं सतार घेतली होती आणि दाखवत नव्हती, एवढंच.

ऐकू येत नव्हतं ते फक्त मला.

मी फळीला कान लावून पाहिलं. काकूंच्या खोलीत तर जाऊ शकत नव्हते, गेले की वाजवणार कोण? भिंतीच्या अलीकडे मी आणि लाकूड, पलीकडे माझीच सतार... त्या दिवसांत काकूंचा मला जितका हेवा वाटला तितका कुणाचाही वाटलेला नाही. मी त्यांना खोदून खोदून विचारायची – कसा होता आवाज? जड होता का पातळ? त्या वैतागायच्या. "मले काय समजते व त्यातलं? चांगलं वाटते. गावाकडची आठवण येते, बस."

रविवारी मी मास्तरांना म्हटलं, ती मींड शिकवा.

"तिला अजून वेळ आहे. आणि आजच तिची आठवण कोणी करून दिली?"

"शेजारच्या काकूंनी."

"त्या शिकल्यात?"

"नाही. त्यांनी ऐकली."

"कोणाची?"

"माझी."

मग सगळं सांगितलं. मास्तर थट्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा बशीत ओतला, पिऊन टाकला आणि म्हणाले, "घे सतार." त्या दिवशी मींड शिकवली. माझ्याकडून धड निघाली नाही. तार बोटात रुतली, रक्त आलं आणि सूर गंधारावर पोचायच्या आधीच मेला.

तोवर बाबांनी माझं शिक्षक-प्रशिक्षणाचं ठरवून टाकलं होतं. चूक त्यांची नव्हती. आमच्या घराण्यात पगाराची नोकरी करणारे ते पहिले, मी दुसरी व्हावी अशी त्यांची इच्छा. मला नागपूरला संगीत महाविद्यालयात जायचं होतं, पण बोलायचं कोणत्या तोंडाने? सतार म्हणून दाखवायला माझ्याकडे रेघा ओढलेली फळी होती.

एका दुपारी फळी ठेवून बाहेर आले तर बाबा ओट्यावर बसलेले. सायकल भिंतीला टेकवलेली. शाळा सुटून बराच वेळ झाला असावा.

"बाबा, आत का नाही आले?"

"म्हटलं, तुझं होऊ दे."

"काय होऊ दे?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "ऐकू येऊन राहिलं मला. तू फळी घेतली तेव्हापासून. तुझ्या आईला बोललो नाही. तूही कोणाले बोलू नको. उद्या बोरगावला भगताच्या विरोधात सभा आहे अन् पहिलं भाषण माझं आहे."

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, "मग मला समजावून सांगा ना. तुम्हीच म्हणता, प्रत्येक गोष्टीला कारण असते."

"असतेच."

"काय आहे?"

"समजलं असतं तर पत्रक नसतं काढलं?"

मग ते उठले, सायकल आत घेतली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "ट्रेनिंगचं राहू दे सध्या. मास्तरांना विचार, नागपूरच्या प्रवेशाला काय काय लागते."

मास्तरांनी ओळखीतून एक जुनी सतार मिळवून दिली. ती सौंसरच्या घरात आली त्या दुपारपासून फळीतून कोणालाच काही ऐकू आलं नाही. मी महिनाभर रोज फळी घेऊन बसून पाहिलं. काकूंना खऱ्या सतारीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "हेबी चांगलं हाय व." त्यातला 'बी' मला अजून टोचतो.

आता मी नागपूरला शिकते. रेडिओवर दोनदा वाजवलं आहे, लहान मुलींना शिकवते. पुढचं आयुष्य सतारीवरच काढायचं हे नक्की आहे. पत्रकंही लिहिते आणि लिहीत राहीन. कारणं मी खूप शोधली. माझ्या एका प्राध्यापकांचं म्हणणं, एकाला भास झाला आणि बाकीच्यांना त्याची लागण झाली. असेल. पण न शिकवलेल्या मींडेची लागण कशी होते, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. मीही त्यांना दोष देत नाही.

गेल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांना समोर बसवून भीमपलास वाजवला. ती मींड आता मला येते, लोक तिथं मान डोलावतात. बाबा शांतपणे ऐकत होते. संपल्यावर मी विचारलं, "तेव्हा असंच होतं?"

ते खोटं बोलत नाहीत. "नाही," म्हणाले.

"मग कसं होतं? गाऊन दाखवा."

"मले कुठं गाता येते." पण मी सोडलं नाही. बाबांनी डोळे मिटले आणि भाषणाने बसलेल्या घोगऱ्या आवाजात एक ओळ गुणगुणली, धड सुरात नसलेली. मी ती सतारीवर घेतली. "असं?"

"थोडं खाली."

"असं?"

"जवळ आलीस... पण नाही."

ऊन कलेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. ते गुणगुणत होते, मी वाजवत होते आणि ते मान हलवत होते. ज्या वाजवण्यामुळे मला सतार मिळाली ते माझंच होतं म्हणतात. गल्लीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं आहे. मी नाही.