नागाच्या नैवेद्यातली पिंपरी

हिवरखेडात नत्थुजी दोन. घोटाळा नको म्हणून गावाने एकाचं नाव ‘काहून नत्थुजी’ करून टाकलं. ही गोष्ट त्यांचीच. वरातीत सगळे नवरदेव बघत, हे विचारत, घोडीच काहून, घोडा काहून नाही? पोस्टमन पत्र देऊन पुढच्या घरी पोचायचा, तरी यांचं चालूच, शिक्का गोल काहून? सत्तरी उलटली तरी थांबले नाहीत. जित्याची खोड ती. उत्तरं मात्र फारशी मिळाली नाहीत. आठव्या वर्षीच्या एका प्रश्नाला तर उत्तराऐवजी थोबाडीत मिळाली होती.

घरचा धंदा पानमळ्याचा. विड्याच्या पानांच्या बाजूला पानपिंपरीचे वेल. पिंपरीची फळं बोटाच्या पेराएवढी, तुतीसारखी लांबट. वाळली की काळी पडतात आणि जिभेवर ठेवली की डोळ्यांतून पाणी काढतात. औषधवाले ती घेतात. पानमळा म्हणजे या लोकांचं देऊळच, पायताण बाहेर काढल्याशिवाय कोणी आत जात नाही. नागपंचमीला तर एक पान खुडत नाहीत. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, सगळं उकडलेलं. आणि नत्थुजींच्या घरी आणखी एक नेम होता. नागाच्या नैवेद्याच्या वरणात मिरची घालायची नाही, वाटलेली पिंपरी घालायची.

आठ वर्षांच्या नत्थूने आईला विचारलं होतं, "मिरची काहून नाई?"

"नागाले तिखट झोंबते," आई म्हणाली.

पोरगं गेलं, पिंपरी चाटून आलं, नाक पुसत म्हणालं, "मंग हे काहून नाई झोंबत?"

तेव्हा बसली ती थोबाडीत. पुढे लग्न झाल्यावर त्यांनी तोच प्रश्न बायकोला विचारला. गोदाबाई म्हणाल्या, "त्या दिवशी चिरत नाई ना, म्हणून." नत्थुजी म्हणाले, "अख्खी टाकली तं?" गोदाबाईंनी पातेलं असं आदळलं की प्रश्न पुढची चाळीस वर्षं आतच राहिला.

यंदा मात्र पिंपरीच जायची होती. दोन वर्षं मर रोगाने वेल वाळत होते. फळं तोडायला बाया मिळत नव्हत्या आणि नत्थुजींची कंबर वाकत नव्हती. मुलगा किशोर म्हणाला, "बाबा, पंचमी झाली का दुसऱ्या दिवशी वेल काढतो. केळी लावू." किशोर काही वाईट बोलत नव्हता. नत्थुजी हो म्हणाले. म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना, आणि का लागत नाही हेही कळेना.

पंचमीच्या आदल्या दिवशी नात आली. आकांक्षा अकोल्याला शेतकीचं शिकते. एसटीतून उतरली की कपड्यांची पिशवी आईकडे आणि डोक्यातली पिशवी आजोबांकडे रिकामी करते. चहा हातात येतो न येतो तोच तिने सुरुवात केली.

"आबाजी, केळीचं झाड हे झाडच नोय. लाकूडच नसते त्यात. नुसती पानं एकावर एक गुंडाळलेली."

नत्थुजींनी विचार केला. केळीला करवत लावलेली काही त्यांना आठवेना. "मंग किशोर काय लावून राहिला?" त्यांनी विचारलं.

"अन् आजी, तुया उपासाचा साबुदाणा, बटाटे, शेंगदाणे, सगळं सातासमुद्रापल्याडचं. पोर्तुगीजांच्या जहाजातून आलं. मिरचीबी."

गोदाबाईंचा हात थांबला. "अन् मी इतक्या एकादश्या काय खाल्लं?"

नत्थुजींना एकादशीशी देणंघेणं नव्हतं. ते मिरचीपाशी अडकले होते. "आपली मिरची? ठेच्याची?"

"पाचशे वर्सांआधी इकडं कोणी पाह्यलीबी नव्हती."

"मंग लोक तिखट काय खात?"

"मिरे. अन् आपली पिंपरी. पिंपरीले संस्कृतात पिप्पली म्हणत. तेच नाव ग्रीक लोकायनं उचललं, फिरत फिरत ते इंग्रजीत गेलं, पेपर झालं. पण इंग्रज पेपर म्हणते मिऱ्याले. मंग मिरची भेटली तं तिलेबी पेपरच म्हणू लागले. अन् आपण तरी काय केलं? मिऱ्यासारखी तिखट लागली म्हणून तिले मिरची म्हटलं."

नत्थुजींच्या डोक्याचा भुगा झाला. नाव पिंपरीचं, ते घेतलं मिऱ्याने. मिऱ्याचं नाव घेतलं मिरचीने. आणि जिच्यापासून हे सगळं सुरू झालं, ती उद्या-परवा उपटून मळ्याच्या कडेला, धुऱ्यावर पडणार. जगभर आपल्या वेलाचं नाव घेतात आणि वेल कोणाला माहीत नाही, हे चांगलं म्हणावं की वाईट? त्यांनी चहा तसाच ठेवला. तो गार झाला.

पंचमीला सगळे अनवाणी मळ्यात गेले. वेलांच्या सावलीत नागाची पूजा झाली. गोदाबाईंनी नैवेद्य ठेवला. वरणावर पिंपरीचा काळपट ठिपका दिसत होता. त्याच्याकडे बघता बघता नत्थुजींचे जोडलेले हात तसेच राहिले.

"आकांक्षा, हा नेम जवा ठरला, तवा मिरची आलीच नसन तं?"

"म्हणजे?"

"म्हणजे नागाले मिरची चालत नाई असं नाई. ज्यायनं पयला नैवेद्य ठेवला, त्यायच्या घरात तिखट म्हणून हेच होतं. पुढचे फक्त तसंच करत आले."

पोरगी हुशार आहे, पण खोटं बोलत नाही. "असन, आबाजी. नसनबी. पुस्तकात नाई हे."

एवढी वर्षं वाट पाहिली आणि हाती काय आलं तर ‘असन’ आणि ‘नसन’. नत्थुजींना हसावं की चिडावं कळेना. प्रसादाचं वरण खाल्लं तेव्हा जीभ तशीच चुरचुरली, जशी आठव्या वर्षी. त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोर दोन मजूर घेऊन मळ्यात आला. वेल काढायचेच होते, म्हणून पायात बूट तसेच होते. बघतो तर बाप आधीच येऊन विहिरीजवळच्या ओळीत उभा, अनवाणी.

"किशोर, काई ओळी राहू दे."

"काहून?" किशोर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द नत्थुजींच्या दिशेने आला, आणि ते गडबडले.

"पुढच्या पंचमीले वरणात काय टाकशीन?"

"दुकानातून चिमूटभर आणू ना, बाबा."

"दुकानवाला कोठून आणते?"

"अंजनगावच्या व्यापाऱ्याकडून."

"अन् व्यापारी?"

किशोरने वेलांकडे पाहिलं. व्यापारी दरवर्षी इथेच येत असे. "ते झालं," तो जरा नरमला, "पण तुमाले काहून ठेवाची हाय? खरं सांगा."

नत्थुजींना ग्रीक आठवले, इंग्रज आठवले, जहाज आठवलं. यातलं काहीच खरं कारण नव्हतं.

"मले नाई सांगता येत, बापा," ते शेवटी म्हणाले. "पण उद्या आकांक्षाच्या लेकरानं विचारलं, नागाच्या वरणात हे काहून, तं दाखवाले वेल तं पाहिजे. मी विचारलं तवा मायजवळ सांगाले काईच नव्हतं. म्हणून तिनं मारलं. तिचं काई चुकलं नाई."

बोलता बोलता त्यांचा हात गालावर गेला होता. तो तिथेच राहिला.

किशोरने बापाच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग तो मजुरांना म्हणाला, "विहिरीकडच्या चार ओळी सोडा." आणि धुऱ्यापर्यंत मागे जाऊन त्याने पायातले बूट काढले.