जास्वंदीवरची रुई

बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात प्रतिभावहिनीच्या घराची एक ख्याती आहे. कुठेही बोट फिरवा, रुई लागणार नाही. त्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्यानं आठ दिवस इथं येऊन राहावं. मागच्या गल्लीत पॉवरलूम आहेत. दिवसभर खटाखट चालतात आणि सुताची बारीक रुई उडून येते ती थेट घरात. टीव्हीवर, देवांवर, लोणच्याच्या बरणीवर, दुपारी झोपलेल्या माणसाच्या भुवयांवरसुद्धा. गल्लीतल्या बाकीच्या बायांनी केव्हाच हात टेकले. प्रतिभानं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं तिच्या खांद्यावर ओलं फडकं आहे. बोलता बोलता पुसते, फोन कानाला लावून पुसते. एकदा समोरच्या मालूबाई गप्पा मारायला आल्या, तर त्यांच्या मांडीवरूनही फडकं फिरलं. मालूबाई अजून ते सांगून हसतात.

प्रतिभा मूळची रावेरची. पंचावन्नची, अंगानं काटक, जिभेनं तिखट. भाजीवाल्याशी, गॅसवाल्याशी, नळ सोडणाऱ्याशी भांडायला पुढे. पण ही जीभ एका माणसापुढे कधी चालली नाही, आणि गोम अशी की त्या माणसानं कधी आवाजही चढवला नाही. तिचा नवरा, श्रीकांत सर, गणिताचे मास्तर. ते नाही म्हणत नसत, कारण सांगत. रावेरला भाच्याचं लग्न? "जा ना. फक्त दहावीचे पेपर तपासायला आलेत, मी जेवायचं कुठे तेवढं सांग." बहिणींबरोबर ओंकारेश्वर? "जरूर जा. आईला उचलून कोण बसवेल?" सासूबाई अकरा वर्षं अंथरुणाला होत्या. म्हणजे प्रत्येक कारण खरं, रास्त, आणि भांडायला जागा नाही. बाईला कोंडून ठेवलंय असं कुणाच्या बापाला म्हणता आलं नसतं. तरी एकतीस वर्षांत ती एकटी परगावी मुक्कामाला गेली ती तीनदा, त्यात एकदा बाप वारला म्हणून.

मग सासूबाई गेल्या, सर निवृत्त झाले, आणि प्रतिभाला वाटलं, सुटले बाई! कसलं काय. सर खुर्चीत बसून राहिले. सहा महिने, वर्षभर. पेपर उघडायचे आणि तेच पान धरून बसायचे. एके दिवशी तिनंच शनिवार बाजारातून जास्वंदीचं रोप आणलं आणि म्हणाली, "घ्या, याच्याकडे तरी बघा जरा." ही अक्कल तिचीच, दुसऱ्या कुणाला दोष द्यायला नको. सरांनी बघितलं. जास्वंदीनंतर अबोली आली, मग क्रोटन, मनीप्लँट, कोरफड, शेवंती. तीन वर्षांत गॅलरीत आणि जिन्यात मिळून चौसष्ट कुंड्या झाल्या. सरांनी मोजल्या म्हणजे चौसष्टच. नवरा पुन्हा माणसांत आला, आणि नवं कारणही सोबत घेऊन आला. "जा ना. झाडांना पाणी कोण घालेल?"

आता खरी गोष्ट मोनालीची. एकुलती एक लेक, नाशिकला दिलेली, लग्नानंतर पाच वर्षांनी दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्यात ओटी भरून तिला घेऊन यायचं ठरलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, वार खाली आहे, प्रवास बिलकुल नाही. मोनाली फोनवर रडली. "मग तू ये आई. मला सासूबाईंसमोर ओरडायलासुद्धा लाज वाटेल गं. तू पाहिजेस." प्रतिभा म्हणाली, "येते म्हणजे काय, येणारच! मी येईपर्यंत तू हलायचं नाहीस." मार्चची वीस तारीख दिली होती. जावई योगेश गुणाचा, त्यानं पाच तारखेचं तिकीट काढून मोबाइलवर पाठवलंसुद्धा. प्रतिभानं मेथीचे लाडू वळले, जुन्या सुती साड्यांची लंगोटं शिवली, बॅग भरून पलंगाखाली सारली. सरांना तिनं तारीख नुसती सांगितली. पहिल्यांदाच विचारलं नाही.

फेब्रुवारीत जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरं पांढरं दिसायला लागलं. प्रतिभानं पाहिलं. बुऱ्हाणपुरातल्या बाईनं पांढरं पुंजकं पाहिलं की तिला काय वाटणार? लूमची रुई. घेतलं फडकं, पुसलं. दोन दिवसांनी पुन्हा. पुन्हा पुसलं. जास्वंद पुसली की अबोली, अबोली झाली की क्रोटन, त्याच फडक्यानं ओळीनं चौसष्टही. "मेले लूमवाले, यंदा भलतीच रुई सोडतात," असं मालूबाईला चार वेळा तरी बोलून दाखवलं असेल. दोन आठवडे ही सेवा चालली. पानं चिकट झाली, मुंग्या चढल्या, तरी बाईच्या डोक्यात प्रकाश पडेना.

प्रकाश पाडला कडूनं. कडू म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी, डोईफोडिया गावात कापूस लावतो. गावात आला की सरांच्या पाया पडून जातो. चहाची बशी हातात घेऊन गॅलरीत उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, काय पोसून ठेवलंय हे?"

"रुई आहे ती. तू बस, मी पुसते."

"अहो, थांबा थांबा, पुसू नका! रुई नोहे ही. बोट लावून पाहा, चालते." त्यानं काडीनं एक पुंजकं उचलून तळहातावर ठेवलं. त्यातून पिठात लोळल्यासारखा एक इवलासा किडा हळूहळू चालायला लागला. "पिठ्या ढेकूण. आमच्या कपाशीवर येतो ना, त्याचीच जात. रस पिऊन झाड वाळवून टाकतो. आणि ज्यानं पुसलं त्यानं सगळीकडं पोहोचवला." कडूला बिचाऱ्याला काय माहीत, पुसणारी कोण ते.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. एकेक पान उलटून पाहत गेले. चौसष्टपैकी एक्कावन्न झाडांवर किडा होता. मग आत येऊन खुर्चीत बसले. त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला आणि तेच पान धरून बसले. प्रतिभानं ते पाहिलं मात्र, तिची पाचावर धारण बसली. ते सबंध वर्ष तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. माझ्या हातानं झालं, तिला वाटलं. माझ्या या मेल्या फडक्यानं.

कडूनं जाताना उपाय सांगितला होता. जास्त लागलेल्या फांद्या कापून जाळा. बाकीच्यांना साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून घासा, वर निंबोळीचं तेल मारा. पण एकदा करून भागत नाही. अंडी राहतात, चौथ्या दिवशी पुन्हा पिल्लं बाहेर. तीन-चार वेळा तरी करावं लागेल, आणि लागलेलं झाड चांगल्यापासून दूर ठेवा. प्रतिभा कामाला लागली. एकेक पान, त्याची पाठ, देठाची बगल. सरांच्या डोळ्यांना बारीक दिसत नाही, ते कुंड्या सरकवत आणि मोजत. "एकोणचाळीस राहिली. आता एकतीस." रंग परत येत होता चेहऱ्यावर. आणि चार मार्चला, बॅग पलंगाखालून बाहेर काढली तेव्हा ते दारात येऊन म्हणाले, "जा ना. मी नाही कुठे म्हणतो? फक्त परवा तिसऱ्या वेळचा ब्रश आहे. मला ती पिल्लं दिसत नाहीत. पुन्हा पसरला तर पसरला, काय करणार."

"मालूबाईला सांगते ना मी. समोर तर राहते."

"तिला काय कळतं? एका झाडाचा हात दुसऱ्याला लावेल. पाहिलंय ना आपण काय होतं ते."

त्या 'आपण'नं घात केला. 'तू' म्हणाले असते तर भांडली असती. बॅग पुन्हा पलंगाखाली गेली.

"आठवडाभराचा प्रश्न आहे गं," ती मोनालीला म्हणाली. "बारा तारखेला निघते. वीसला अजून अवकाश आहे."

"किड्यांसाठी, आई? किड्यांसाठी तू येत नाहीयेस?"

"किड्यांसाठी नाही गं, बाबांसाठी."

"मग मी कुणाची?" मोनालीनं फोन आपटला. तासाभरानं पुन्हा केला, पुन्हा भांडली. रोज भांडायची. योगेशनं बाराचं तिकीट काढलं. दहाला सरांना शेवंतीच्या बुडाशी पांढरं सापडलं. बाराचं सोळावर गेलं. प्रतिभाचा जीव टांगणीला लागलेला. घासता घासता ती स्वतःशी बडबडायची, "मरा मेल्यांनो, मरा एकदाचे!" हे किड्यांना होतं का आणखी कुणाला, ते तिचं तिला ठाऊक.

चौदाला सकाळी तिचे दोन्ही हात साबणाच्या बादलीत होते. आत फोन वाजला, वाजत राहिला. हात पुसून जाईपर्यंत थांबला. तीन वेळा येऊन गेलेला. तिनं उलटा लावला, कुणी उचलेना. अकरा वाजता योगेशचा आला. पहाटेच दुखायला लागलं, धावपळीत आधी कळवता आलं नाही, ऑपरेशन करावं लागलं, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. दुपारी मोनाली बोलली. आवाज दमलेला होता, गोड होता.

"आई, नाक तुझ्यासारखं आहे म्हणतात सगळे."

"येते गं राणी, आजच निघते. मिळेल त्या गाडीनं येते."

"नको, घाई नको करू. सासूबाई आहेत ना, पहाटेपासून बसून होत्या माझ्याजवळ. तू तिकडचं सगळं नीट आवरून ये. बारशाला या दोघं."

भांडली नाही. एक शब्द उणा बोलली नाही. दहा दिवस रोज भांडणारी लेक, तिचं भांडण संपलं होतं. प्रतिभाला वाटलं, अगं, भांड ना! ओरड माझ्यावर! पण पलीकडून कुणीतरी "झोप आता बाळा" म्हणालं आणि मोनालीनं "हो आई" म्हणून फोन ठेवला. तो 'हो आई' हिला नव्हता. तरीही ती बॅग ओढत दारापर्यंत गेली. मग तिला वाटलं, आता जाऊन तरी करू काय, तिथली जागा भरलेली आहे. ती परत फिरली आणि उरलेल्या सात कुंड्या घासून टाकल्या.

बारशाला दोघं गेली. आजोबांचा मान होता, सर नवा सदरा घालून, पाळण्याची खेळणी आणि बाळंतविडा घेऊन निघाले. जाताना कारण निघालं नाही. घराची किल्ली सरांनी स्वतःच्या हातानं मालूबाईला दिली. "फक्त पाणी घाला हं, आणि अशी चार पानं उलटून बघा, एवढंच." प्रतिभा जिन्यात उभी राहून बघत होती.

नाशिकला विहीणबाईंनी पाट मांडला, हातात चहा दिला, "बसा ना, दमला असाल," म्हणाल्या. बाळ मांडीवर दिलं. बाळानं नाक मुरडून असा सूर लावला की घर डोक्यावर घेतलं. "द्या इकडे, तिला माझी सवय झालीय," म्हणून विहीणबाईंनी उचललं आणि पोर गप्प झालं. मोनाली आईकडे बघून हसली, पाहुण्यांकडे बघून हसतात तसं. तिसऱ्या दिवशी परत निघायचं ठरलं तेव्हा तिनं एकदाही "राहा" म्हटलं नाही.

बुऱ्हाणपूरला उतरून रिक्षानं घरी आले. सर सरळ गॅलरीत गेले आणि मोजायला लागले. चौसष्टच्या चौसष्ट. माती ओली, पानं हिरवी, जास्वंदीला दोन फुलं. पांढऱ्याचा ठिपका नाही. "वा!" सर आतून ओरडले. "मालूबाईनं छान सांभाळलं हं!"

मालूबाई किल्ली द्यायला आल्या. "कशी आहे नात? कोणावर गेलीय?"

"चांगली आहे," प्रतिभा म्हणाली. मग तिनं विचारलं, "त्रास झाला का हो फार?"

"कसला त्रास, वहिनी! पाणी घातलं, तुमच्या सरांनी दाखवलं होतं तसं चार पानं उलटून पाहिली. एका पानाखाली पांढरं दिसलं, ब्रशनं काढून टाकलं. दहा मिनिटांचं काम. तुम्ही मला आधीच सांगायचं ना, पोरीच्या बाळंतपणाला गेला असता."

आत सर गुणगुणत झाडांना पाणी घालत होते. प्रतिभानं मालूबाईकडून किल्ली घेतली. आणि पदरानं ती किल्लीच पुसत राहिली.