खिडक्या उघडायला दिलेली चावी

ते प्रकरण आठवलं की मला आजही आधी पेढ्यांचा पुडा दिसतो. मी तेव्हा रत्नागिरीत एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कॉलेजं सुरू व्हायची वेळ, त्यामुळे भाडेकरूंच्या माहितीचे अर्ज द्यायला घरमालकांची वर्दळ होती. एके दुपारी एसटीत वाहक असलेली एक बाई ड्युटी संपवून गणवेशातच आली. चाळिशीची, एकटी राहणारी, आवाज असा की शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस उठून बसावा. तिने आयुष्यातली पहिली गुंतवणूक केली होती. वन रूम किचनचा फ्लॅट, नर्सिंगच्या दोन मुलींना भाड्याने द्यायला. अर्ज दिला आणि तिने ठाणेभर पेढे वाटले.

आमच्या हवालदाराने पेढा तोंडात टाकला, अर्ज वाचला आणि सरळ माझ्या खोलीत आला. "साहेब, हा फ्लॅट आपल्या रजिस्टरला आधीच आहे. पूर्वी इथं एक भाडेकरू होता. मालक डोंबिवलीचे मास्तर. ह्या बाई कुठनं आल्या?"

"विकला असेल मास्तरांनी."

"खरेदीखत मागितलं, तर म्हणतात पुढच्या महिन्यात होणाराय."

मी बाईंना आत बोलावलं. त्यांच्याकडे इसाराची एक साधी पावती होती आणि फ्लॅटची चावी. मास्तरांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. व्यवहार केला होता त्याच कॉलनीतल्या एका गृहस्थाने, ज्याला सगळे 'भाऊ' म्हणत.

"चावी हातावर ठेवलीनी साहेब त्यांनी. घराची चावी कोण उगाच देतो काय?"

मला राग आला आणि तो मी लपवला नाही. "बाई, रोज तुम्ही लोकांकडे तिकीट मागता. घर घेताना कागद मागायला काय झालं होतं?"

त्यांचा तो खणखणीत आवाज एकदम खाली आला. "बारा वर्षांची पुंजी हाय ती. परत मिळतील ना पैसे?" माझे शब्द मलाच लागले. फसलेल्या माणसाला शहाणपण शिकवायची ही वेळ नव्हती.

आमच्याकडे निम्म्या इमारती बंद फ्लॅटच्या असतात. मालक मुंबईकडे, आणि पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते. म्हणून विश्वासातल्या कुणाकडे चावी ठेवतात, अधूनमधून खिडक्या उघडायला. भाऊकडे अशा अकरा फ्लॅटच्या चाव्या होत्या. मी रजिस्टरमधल्या नंबरवर मास्तरांना फोन लावला. "विकला? अहो, मी फक्त वारा लागावा म्हणून चावी दिलेय!"

बाईंची फिर्याद घेतली, फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आणि भाऊला आणलं. त्याने शांतपणे एक कुलमुखत्यारपत्र पुढे केलं, तेही झेरॉक्स. मास्तरांनी सही केल्याची लांबलचक हकीकत सांगितली. साध्या प्रश्नाला लांब उत्तर आलं की पोलिसाने कान टवकारावेत. मास्तर फोनवर काय बोलले ते ऐकवल्यावर तो मऊ पडला, पण पैशांवर अडला. "खर्च झाले साहेब." दोन तास हेच.

मग मी त्याचा चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "कुठली कोणाची, सांग."

गडी खुलला! ही कुळकर्ण्यांची नाही का, ह्यांच्या मोरीची खिडकी अडकते, त्या घरात पाल फार. शेवटी एक बारीक चावी आली. "ती... जुनी आहे. आठवत नाही कशाची." ज्याला लोकांच्या घरातल्या पाली आठवतात, तो स्वतःच्या जुडग्यातली चावी विसरेल? मी हवालदाराकडे बघितलं, तो आधीच उठला होता.

चावी दाराची नव्हती, पेटीची होती; म्हणून जिथून प्रकरण सुरू झालं तिथूनच शोध सुरू केला. मास्तरांची परवानगी घेऊन, दोन पंचांसमक्ष त्यांचा फ्लॅट उघडला. माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. बारीक चावी तिचीच. आत बाईंचा इसार आणि अशाच फसवलेल्या आणखी दोघांचाही, जवळजवळ जसाच्या तसा.

"खर्च करायची हिंमतच झाली नाही साहेब," भाऊ म्हणाला आणि रडला. चोरीला एक धाडस लागतं, चोरी पचवायला दुसरं.

जबाब द्यायला मास्तर आले तेव्हा भलतंच निघालं. त्यांना फ्लॅट खरोखरच विकायचा होता! "पण विचारलं कोणी?" म्हणाले. मी खुशीत बाईंकडे वळलो. बाई म्हणाल्या, "मास्तर देवमाणूस दिसतात. पण आधी कागद."

न्यायालयाच्या आदेशाने पैसे हाती यायला दिवाळी उजाडली. तोवर बाई स्वस्थ बसल्या नाहीत. वकिलाकडून मालकीचा शोध घेतला, सोसायटीचा दाखला, घरपट्टी, लाइट बिल पाहिलं. मे महिन्यात पाणी किती येतं ते शेजारणींना विचारलं आणि धो धो पावसात जाऊन भिंतींना हात लावून पाहिले. मास्तर मला फोनवर म्हणाले, "ही घर घेतेय की माझा जबाब?"

हे सगळं मी घरी कौतुकाने सांगत होतो. बायकोने भाकरी थापता थापता विचारलं, "आणि आपलं खरेदीखत कुठाय हो?"

आम्ही राहत होतो तो फ्लॅट मी मेहुण्याकडून घेतलेला. घरातलाच व्यवहार, पैसे केव्हाच चुकते केले, कागद होतील सावकाश. आठ वर्षं झाली होती. जन्मभर संशय घेणं हे माझं काम, पण ते मी फक्त परक्यांसाठी राखून ठेवलं होतं. विश्वास असला की कागद लागत नाही, असं मी समजत होतो. खरं तर विश्वास टिकायचा असेल तर कागद करून टाकावा, म्हणजे उद्या पोराबाळांत भांडण नको. हे मला त्या बाईंनी शिकवलं, आणि त्याची लाज वाटत नाही.

दिवाळीनंतर मेहुण्याला घेऊन मी खरेदीखत नोंदवायला दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. बाकावर बाई आणि मास्तर शेजारी शेजारी बसले होते. बाईंनी माझ्या हातातली फाइल बघितली, मेहुण्याकडे बघितलं, आणि सगळं ओळखून बाकावर थोड्या सरकल्या.

"बसा साहेब. आमच्या मागनं तुमचाच नंबर हाय."