दवात काढलेला फोटो

येडशी स्टेशनसमोरच्या कल्याणप्पानं कुणाचा चेहरा कधी नीट सुलटा बघितला असेल तर शपथ! धंदाच तसा. डोक्यावर काळं फडकं घ्यायचं आणि पेटीच्या मागच्या दुधी काचेत माणसं बघायची, खाली डोकं वर पाय. फडक्याबाहेर आला की ह्याचं लक्ष उजेडाकडं. पण फोटो ज्या काचेवर उतरे ती काच दुरुस्त करायला बसला की त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. देवीचे व्रण बुजवायचा, तिरळा डोळा सरळ करायचा. "आप्पा, तुम्ही म्हातारीलाबी नवरी करताल," असं लोक म्हणत आणि हा मिशीत हसे. त्याच हातानं त्याचा घात केला.

निजामाचं राज्य होतं, तिकडं जर्मनची लढाई चालू होती. बेंबळीच्या हिंमतराव पाटलांना आपल्या करडईच्या काढणीचा फोटो हैदराबादला कुणा साहेबाकडं धाडायचा होता. करडई म्हणजे काट्यांशी गाठ. पहाटेच्या दवानं काटे मऊ असतात तोवर बायका हाताला चिंध्या गुंडाळून काढणी करतात, ऊन चढलं की रान सोडतात. आणि कल्याणप्पाला नेमकं ऊनच पाहिजे! म्हणाला, "दोन तास थांबा."

रांगेतली एक पोरगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ओ फोटूवाले, तवर काटं कडक व्हत्यात. मग तुमी येता का हात लावायला?" बायका फिदीफिदी हसल्या. ही तारामती. सतरा-अठराची, पायाला भिंगरी बांधलेली.

हिरमुसून त्यानं त्याच अंधुक उजेडात पेटी मांडली. उजेड कमी, म्हणजे भिंगाचं झाकण जास्त वेळ उघडं ठेवणं आलं. "सहा मोजेपर्यंत कुणी हलायचं नाही," त्यानं पिकावर वाकलेल्या बायकांना दम भरला. चारपर्यंत सगळं ठीक होतं. त्याच्या मागं बांधावर तारामतीची आई सारजाबाई पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिला लेकीचा गुण ठाऊक. न राहवून ओरडली, "तारे, हालू नगं गं!"

झालं. फोटोत अकरा बायका खांबासारख्या स्थिर आल्या, आणि तारामतीच्या मानेवर नुसता पांढरट फराटा. "एकीला मुंडकंच न्हाय की ओ," म्हणून पाटील हसले, बायकांनाही बोलावून दाखवलं. तो छापलेला कागद हैदराबादला गेला तो गेलाच. काच कल्याणप्पाकडं राहिली.

त्याच पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि दोन दिवसांत तारामती गेली.

दिवाळीनंतर सारजाबाई चालत येडशीला आली. "आप्पा, एवढा एकच फोटू हाय तिचा. नाकडोळं दिसतील असं करून द्या. म्या इसरायला लागले ओ तिला."

कल्याणप्पानं ती काच शोधून काढली. त्यानं तिला खिडकीपाशी बसवलं, बारीक चाकूनं काचेवरचा फराटा खरडून साफ केला आणि पेन्सिलीला टोक केलं. मग हात थांबला. ती पोरगी त्याला आठवेचना. आठवत होता तो आवाज आणि दुधी काचेतले उलटे पाय. पण समोर आई बसलेली. तिच्याच गालावरच्या सुरकुत्या मनातल्या मनात पुसत, डोळ्यांत थोडं पाणी भरत त्यानं चेहरा उभा केला आणि कागदावर छापून दिला. सारजाबाईनं कागद छातीशी धरला आणि हुंदके देत त्याच्या पाया पडली. त्याला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

पण त्या दिवसापासून हात बिघडला. कुठल्याही बाईची काच पुढ्यात घ्यावी, तर पेन्सिलीखाली तोच चेहरा उतरायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "ही आमची नव्हं." तो खोडायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा तीच बघत असायची. जिला त्यानं कधी बघितलंच नव्हतं ती.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि पुढच्या करडईच्या दिवसांत सारजाबाई परत आली. फोटो पदरात गुंडाळलेला. त्यावर चार वर्षांचं हळदीकुंकू.

"आप्पा, माझी थोरली भन आली व्हती. बघून म्हनली, सारजे, ही तर तू हायस, लग्नातली." ती शांतपणे बोलत होती, तेच भयंकर होतं. "म्या कवा आरशात बघितलंय? चार साल माझ्याच तोंडाला फुलं वाहिली. आता डोळं मिटलं तरी तीच दिसती. माझी तारी न्हायच येत. मला त्यो पहिला फराटाच द्या."

"फराट्यात काय होतं, सारजाबाई?"

"म्या हाक मारली म्हनून वळली ती. माझ्याकडं वळताना धरली व्हती तुमच्या पेटीनं. मला तवा कळलं न्हाय."

कल्याणप्पानं काच आणली. ओल्या बोटानं पेन्सिल पुसली. खाली कोरी काच. त्यातून स्टेशनचा रस्ता दिसत होता.

"खरडलं मी ते," तो म्हणाला. "माझ्याच हातानं."

सारजाबाईनं काच डोळ्यांशी नेली, त्यातून रस्ता बघितला. मग काच त्याच्या हातात देऊन उठली. "आता हाक मारली तरी वळल कशी ती?" एवढंच म्हणाली आणि गेली.

त्यानं चाकू पुन्हा हातात धरला नाही. हललेली पोरं, मिटलेले डोळे, जसं येईल तसं द्यायचा. धंदा बसला. बायको शिवकांता चिडायची, मग तिनंही बोलायचं सोडून दिलं. दरसाल करडईच्या दिवसांत मात्र सकाळी रस्त्यावर कुणी बाईनं कुणाला हाक मारली, की कल्याणप्पाची मान गर्रकन वळायची. हाक त्याला नसायची.