मुशीच्या पोटातली पिल्लं

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मुशी, म्हणजे लहान शार्क मासा, चिरायची होती. परभणीच्या आम्हा पोरांपैकी कुणी समुद्र पाहिला नव्हता. मासे मुंबईहून रेल्वेने डब्यांत यायचे. त्या दिवशी मादीची जननसंस्था होती. ताई जाऊन सोळा दिवस झाले होते.

ताईचं दुसरं बाळंतपण पेडगावला, सासरी. निरोप आला म्हणून आम्ही बापलेक गेलो. आमच्या घरी मेंढरं. अडलेल्या मेंढीला हात घालून पिल्लू सरळ करणारा माझा बाप ताईच्या दाराशी उकिडवा बसला होता.

"दोन दिस कळा यायलात. आडवं हाय ते. परभणीला न्या, मी गाडी जुंपतो."

"इवाई, ही मेंढी न्हाई," सासू म्हणाली. "बायांच्यात गड्याचं काय काम?"

तो गप्प बसला. त्याचा मला राग नाही. मी इंटर सायन्सचा. गर्भाशयाची आकृती डोळे मिटून काढायचो. मीही गप्प बसलो. संध्याकाळी ताई आणि बाळ, दोघंही गेली.

माझ्या ट्रेमधल्या मुशीचं पोट टरटरीत होतं.

"लेकुरवाळी मिळाली की बे तुला! बारशाला बोलव," शेजारचा म्हणाला.

निजाम गेल्यावर पुण्याकडून आलेले आमचे सर जवळ आले. "पिल्लं काढून बादलीत टाक. परीक्षेत रिकामंच गर्भाशय काढायचं असतं."

मी टाकली नाहीत. कात्रीने दोन्ही गर्भाशयं उघडली. प्रत्येक पिल्लाला वेगळा कप्पा, प्रत्येकाची नाळ आईच्या भिंतीला चिकटलेली. सगळी सरळ. एकसुद्धा आडवं नाही. त्या मेलेल्या माशाचासुद्धा मला संताप आला.

"ऐकू येत नाही का?"

"बघू द्या, सर."

"पुस्तकात बघ."

"पुस्तकात पिल्लं नाहीत. माझी बहीण बाळ आडवं आलं म्हणून मेली."

सर कानापर्यंत लाल झाले. हळूच म्हणाले, "अरे, मुली आहेत इथे."

मुली दोनच होत्या, भिंतीकडच्या टेबलावर. मी ट्रे उचलला आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. सर "जागेवर जा" म्हणत राहिले. एकीने पदर नाकाला लावला. दुसरी वाकली आणि तिने विचारलं, "नाळ नेमकी कुठं चिकटते?"

मी चिमट्याने नाळ उचलून दाखवली.