कुठल्याही फटफटीला बसणारी काच

आज मंगळवार, १२ डिसेंबर १९७२. सकाळी सव्वानऊ वाजता स्टँडजवळच्या मिस्त्रीने माझ्या भावाची फटफटी न तपासता रस्त्यावर सोडली. मैत्रिणींनो, म्हणून हे आपल्या महिला मंडळाच्या फलकावर लावते आहे.

माझा धाकटा भाऊ मधू गुरांचा डॉक्टर. दुष्काळी छावण्यांवर रोज जाताना धुळीने त्याचे डोळे सुजतात. म्हणून कुठल्याही गाडीला बसणारी, स्वस्तातली समोरची काच मिस्त्रीकडून बसवून घेतली.

शेवटचा बोल्ट आवळताच मिस्त्रीने हार घातला आणि नारळ फोडला. मी म्हटलं, "अहो, हँडल पूर्ण वळवून तरी पाहा."

"बाई, पूजा झाल्यावर गाडीत खोट काढायची नसती. तुमी लई शंका घेता."

मधू हसला. "ताई, तपासनीसपदावरून रिटायर झालीस ना? आता तपासण्या पुरे!"

घोडेगावजवळ छावणीच्या वाटेला वळताना काच धरणारी लोखंडी पट्टी पेट्रोलच्या टाकीला अडली. हँडल वळेना. मधू सरळ बाभळीवर गेला, काच फुटून डोळ्यात घुसली. उजवा डोळा वाचणार नाही, असं डॉक्टरांनी दुपारी सांगितलं.

मिस्त्री म्हणतो, "देवाची मर्जी." मिस्त्री, देवाला यात ओढू नका. पाना तुमच्या हातात होता.

तुमच्या घरी कोणाच्या गाडीला अशी काच आहे का? उद्या त्याला निघू देऊ नका.

याची प्रत मिस्त्रीच्या दारावर चिकटवली आहे. मिस्त्री, ही काच आणखी कोणाकोणाच्या गाडीला बसवलीत, त्यांची नावं मला शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी द्या.